भैरोबानं खोळ टाकली

सोमवार, ता. ६ एप्रिल १९२५. ऊन कडक. दुपारी युसूफ वडगावचा डाकवाला आला. त्रिंबकशास्त्र्यांकडून लेख परत. ह्यांनी पत्र वाचून घडी घातली व दुकानात गेले. जेवताना बोलणे नाही. आत्याबाईंनी पापडाचे पीठ मळले. छबुबाई वाळवण राखायला आली ती दिवेलागणीपर्यंत बसली. मांजरीने माळ्यावर पिले घातली. हरभऱ्याच्या डाळीला ऊन दिले.

गंगासागरनं त्या दिवशी एवढंच लिहिलं. ऊन आणि पापड यांच्या मध्ये नवऱ्याच्या लेखाचं दुःख एका ओळीत बसवलं, कारण तिला सवयच तशी लागलेली होती. तिच्या वडिलांचं सिकंदराबादला कापडाचं दुकान होतं. घरात आई नव्हती, पोरगी दिवसभर ठाणांवर लोळायची, म्हणून त्यांनी तिला जवळच्या कॉन्व्हेंटात घातली. तिथल्या थोरल्या सिस्टरनं मुलींना रोजनिशी लिहायला शिकवलं. दिवसभरात घडलं ते लिहावं, मनात आलं ते देवाला सांगावं, आणि शेवटची ओळ घरातल्या एखाद्या साध्या गोष्टीची असावी, म्हणजे लिहिणारीचे पाय जमिनीवर राहतात, असं सिस्टरचं सांगणं होतं. गंगासागरनं ते जन्मभर पाळलं.

लग्न होऊन ती करंजवाडीत आली. सासर लिंगायत वाण्याचं, घराच्या पुढच्या अंगाला किराण्याचं दुकान. सासू केसरबाई, म्हणजे रोजनिशीतल्या आत्याबाई, बसल्या जागेवरून सगळं घर चालवायची. सुनेला इंग्रजी येतं हे तिनं ऐकलं होतं. "येईना का. भाकरी येती का तेवढं सांगा," असं तिनं लग्न ठरवणाऱ्याला विचारलं होतं. गंगासागरची पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा केसरबाईनं मान तिरकी करून ती नीट बघितली आणि म्हणाली, "काय गं, जमीन मोजणाऱ्या पैमाईशवाल्याचा नकाशा हाय का ह्यो?" पुढं भाकऱ्या गोल झाल्या, पण छबुबाईसारख्या शेजारणी महिनोन् महिने विचारायच्या, "आज कुठला तालुका भाजला?"

नवरा मल्लिनाथ. त्याला सगळे अप्पा म्हणायचे. स्वभावानं शांत, हिशेबाला चोख, आणि जुन्या दगडांचा नाद लागलेला. घरची सगळी मंडळी गाडीतून कपिलधारला दर्शनाला निघाली की मांजरसुंब्याच्या घाटात हा उतरायचा. रस्त्याकडेला एखादा कोरीव दगड दिसला की त्याच्यापुढं उकिडवा बसायचा, आणि बैल पुढं निघून गेले तरी याला पत्ता नसायचा. गावात त्याला मागून दगडवाणी म्हणत. समोर म्हणत नसत, कारण गूळ त्याच्याकडूनच आणायचा असे.

मोमिनाबादेला त्रिंबकशास्त्री नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. मांजरा नदीच्या काठाकाठानं जी जुनी देवळं, लेणी, ताम्रपट, शिलालेख सापडत, त्यांच्यावरचे लेख जमवून ते एकामागून एक खंड काढत. छपाई पुण्यात व्हायची. वाचणारे थोडे, पण जे होते ते तळटीपसुद्धा सोडत नसत. त्या खंडात आपलाही एक लेख यावा एवढीच मल्लिनाथची इच्छा होती.

आणि गंगासागरची त्याहून जास्त. त्याचं कारण मात्र तिनं रोजनिशीतही कधी लिहिलं नाही.

त्या घरात थोरल्यांच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. काही सांगायचंच झालं तर मल्लिनाथ आईला सांगायचा आणि आई सुनेला, दोघी एकाच चुलीपुढं बसलेल्या असल्या तरी. पण लेख लिहायचा तर कुणीतरी चांगल्या अक्षरात उतरवून घ्यायला हवा होता. मल्लिनाथचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेलं कोंबडं. गंगासागरचं अक्षर कॉन्व्हेंटात आखीव रेघांवर घोटलेलं. म्हणून दिवेलागणीला, ओसरीवर, केसरबाई डाळ निवडत बसलेली असताना, मल्लिनाथ मजकूर सांगायचा आणि गंगासागर लिहायची. हे बोलणं नव्हतं, काम होतं. त्याला केसरबाईची ना नव्हती.

"शिळेची उंची कमरेएवढी," मल्लिनाथ सांगायचा. "उद्या युसूफ वडगावच्या बाजारला जाणार हाय, काई आणायचं का. माथ्यावर सूर्यचंद्र कोरलेले असावेत."

"असावेत," गंगासागर लिहिता लिहिता म्हणायची. "हिंग संपलाय. पुढं?"

"तोंड पूर्वेला."

केसरबाई डाळीतून मान वर न काढता म्हणायची, "तुमच्या त्या शिळेला हिंग कावून लागतो रे?"

असं ते चालायचं. दिवसभर मुक्यानं वावरलेल्या दोघांचं जेवढं काय आयुष्य होतं ते त्या मजकुराच्या वाक्यावाक्यांमध्ये बसलेलं होतं.

लेख होता गावच्या भैरोबावर. गावाबाहेर एका लहानशा देवळात कमरेएवढी उभी शिळा, तिला चांदीचे डोळे, आणि अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. शेंदराचं ते जाड कवच म्हणजे देवाची खोळ. मल्लिनाथचं म्हणणं असं, की खोळीखाली यादवांच्या काळातला शिलालेख आहे. पुरावा काय, तर अगदी पायथ्याशी, जिथं शेंदूर पातळ होता, तिथं तीन अक्षरं अर्धवट दिसत.

त्रिंबकशास्त्र्यांनी लेख परत पाठवायची ही तिसरी खेप. समासात त्यांनी लिहिलं होतं, "अक्षर मोत्यासारखे. पुरावा नाही. तीन अक्षरांवर इतिहास उभा राहत नाही. शिळेचा ठसा पाठवावा. हा खंड शेवटचाच. दसऱ्यास छापावयास जाईल."

ठसा म्हणजे ओला कागद कोरीव अक्षरांवर बसवून ब्रशानं ठोकायचा, वाळला की शाईचा बोळा फिरवायचा, मग काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उठतात. त्यासाठी दगड उघडा हवा. आणि भैरोबाचा दगड उघडा करायचं नुसतं नाव काढलं तर देवाचा पुजारी सिदू गुरव दोन पावलं मागं सरकायचा.

"देवाचं कातडं सोलायचं म्हणता का अप्पा?"

"सोलायचं न्हाई रे. थोडं खरवडून..."

"तुमाला कुणी थोडं खरवडलं तर चालंल का? देवाला वाटंल तवा देव आपसूक खोळ टाकंल. माझ्या आज्याच्या वक्ताला टाकली होती. तवा बी चादरी धरून, आंघोळ घालून, दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवला. उघडा देव गुरवाबिगर कुणी बघायचा न्हाई."

त्या सोमवारी संध्याकाळी मल्लिनाथनं मजकूर सांगितला नाही. दौतीकडं बघत तो आईला म्हणाला, "ह्या खेपेला न्हाई आला तर दौत आडात टाकून देतो बघ. वाण्यानं वाणीपणा करावा."

गंगासागरच्या हातातला टाक तसाच राहिला. दौत आडात गेली तर तिच्यामागून काय काय आडात जाणार आहे, ते तिला तेवढ्यात कळलं.

कॉन्व्हेंटात एखादीची वस्तू हरवली की सिस्टर मेणबत्ती लावायला सांगायच्या. करंजवाडीत मेणबत्ती नव्हती, भैरोबा होता. गंगासागरनं छबुबाईला विचारलं, नवस बोलायचा कसा. छबुबाई शेजारच्या शेतकऱ्याच्या घरची, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची.

"नुसता बोलून ठिवू नको बाई," छबुबाई म्हणाली. "बोललेलं देव इसरतो, लई गावं हायेत त्याच्यामागं. आधी लाव, मग माग."

"काय लावू?"

"शेंदूर! आन् काय, पावडर लावती का त्याला?"

गंगासागरनं सासूला विचारलं. केसरबाईनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाली, "आपला देव आपल्या गळ्यात. पर गावाचा देव गावाचा. लाव जा. मल्ल्याला सांगू नको, त्यो इचारत बसंल कावून म्हणून."

रविवारी, भैरोबाच्या वारी, गंगासागरनं मोठी वाटी भरून शेंदूर आणि करडईचं तेल सिदूच्या हाती दिलं. सिदूनं ते सढळ हातानं देवाला चढवलं. "ह्यांचा लेख छापून येऊ दे," एवढंच ती मनात म्हणाली, आणि घरी येऊन तिनं शेवया वळल्या.

गोष्ट तिथंच थांबती तर बरं होतं. पण छबुबाईच्या कानात गेलेलं कधी तिथं राहिलं नाही. अप्पाच्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव येणार आणि त्यासाठी त्याची मालकीण देवाला शेंदूर लावते, हे गावभर झालं. बायकांना वाटलं, नाव सगळ्या गावाचं येणार तर एकीनंच का लावावा? पुढच्या रविवारी वाट्यांची रांग लागली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी मोठी. भैरोबा दर आठवड्याला अंगानं भरत चालला. वैशाख लागेपर्यंत तो लग्नातल्या खाऊन खाऊन सुस्तावलेल्या मामासारखा दिसायला लागला. डोळे तेवढे चांदीचे, ते आत आत जाऊन बारीक झाले.

आणि हा सगळा शेंदूर मल्लिनाथच्याच दुकानातून जात होता.

"आई, ह्या साली शेंदराला लई उठाव हाय," तो एका संध्याकाळी म्हणाला. "युसूफ वडगावहून परत मागवला. काय झालंय काय गावाला?"

केसरबाईला खोकला आला. गंगासागर कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा आखत राहिली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्रिंबकशास्त्री स्वतः करंजवाडीत आले. बारीक अंगाचे, मोठ्या छत्रीचे, बरोबर कागदाची गुंडाळी आणि ठोकायचा ब्रश. इतकं नेटकं अक्षर काढणारा माणूस तीन-तीनदा तेच खोटं सांगणार नाही, असं वाटून ते पायथ्याची तीन अक्षरं तरी डोळ्यांनी बघायला आले होते. ते अक्षर मल्लिनाथचंच, असा त्यांचा समज.

मल्लिनाथ त्यांना देवळात घेऊन गेला. शास्त्रीबोवा छत्री मिटून पायथ्याशी वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"कुठं आहेत तुमची अक्षरं?"

मल्लिनाथनं बघितलं. पायथ्याला शेंदराचा पायघोळ घोळ उतरला होता. तीन अक्षरं तर सोडाच, पायथाच कुठं आहे ते कळत नव्हतं.

"इथंच होती," तो म्हणाला. "देवाशपथ, इथंच होती."

सिदू मोठ्या अभिमानानं पुढं आला. "असतील की, आतमंदी. समद्या गावानं तुमच्या पुस्तकासाटी लावलाय, अप्पा. पयली वाटी तुमच्या मालकिणीची!"

शास्त्रीबोवांनी मल्लिनाथकडं बघितलं. मल्लिनाथनं भैरोबाकडं बघितलं. भैरोबा शेंदरातून बारीक डोळ्यांनी दोघांकडं बघत होता.

ऊन फार होतं म्हणून शास्त्रीबोवा दोन दिवस देवळाच्या ओवरीत उतरले. शिधा केसरबाईनं पाठवला. त्या दोन संध्याकाळी वाण्याच्या ओसरीवर दिवा लागला, डाळ निवडली गेली, पण दौत कोनाड्यातून खाली आली नाही. मल्लिनाथ रागावला नव्हता. रागावला असता तर गंगासागरला सोपं गेलं असतं. तो नुसता खांबाला टेकून बसायचा. ती रेघा आखायची. आखलेल्या कागदांची चळत वाढत होती.

दुसऱ्या संध्याकाळी केसरबाईनं सूप खाली ठेवलं. "मल्ल्या, तिनं देवाला शेंदूर लावला, डांबर न्हाई. तोंड कशाला पाडून बसलास? तुज्यासाटीच लावला न्हवं?"

"मी कुटं काय म्हणालो?"

"तेच म्हणते मी. काय तरी म्हण!"

तो उठून दुकानाच्या फळ्या लावायला गेला. सकाळी शास्त्रीबोवांसाठी गाडी सांगितलेली होती.

गाडी आली. शास्त्रीबोवांनी गुंडाळी, ब्रश, छत्री आत ठेवली. पण चाकाच्या लोखंडी धावेची कडी निखळली म्हणून गाडीवान लोहाराकडं गेला तो ऊन डोक्यावर आलं तरी परतला नाही. त्या दिवशीचं ऊन असं होतं की घराच्या पत्र्यावर चिमणी टेकत नव्हती. सगळं गाव दारं लोटून पडलेलं असताना सिदू गुरव हलगी बडवत वेशीतून आत धावत आला.

"खोळ टाकली! भैरोबानं खोळ टाकली!"

आतला जुना शेंदूर वाळून खडखडीत झालेला, त्याच्यावर चार रविवारांचा ताजा, तेलानं निथळणारा, जडशीळ शेंदूर. वैशाखाच्या उन्हात ते वजन त्या जुन्या कवचाला पेललं नाही. छातीपासून पायथ्यापर्यंतची सगळी खोळ एका अंगानं सुटली आणि खाली ठेवलेल्या फुलांच्या परडीवर अलगद कलंडली. सिदूचं म्हणणं एवढंच, की इतक्या मायेनं देव अवघडला.

गाव लोटलं. बायकांनी देवळाच्या दारावर चादरी धरल्या. आत सिदूच्या घागरींचा आवाज. बाहेर त्रिंबकशास्त्री छत्री आपटत होते.

"अहो, एकदा बघू द्या! नुसतं बघतो! हात लावत नाही!"

"न्हाई," आतून सिदू म्हणाला.

"हे कोणत्या शास्त्रात सांगितलंय?"

"शास्त्रात नसंल. करंजवाडीत हाय."

मल्लिनाथ चादरीपुढं हात जोडून उभा होता. ज्यासाठी इतकी वर्षं वाट बघितली ते चादरीपलीकडं, हातभर अंतरावर, उघडं उभं होतं आणि सिदूच्या ओल्या हातांखाली पुन्हा शेंदरात चाललं होतं. जरा वेळानं सिदूनं चादर बाजूला केली. भैरोबा सडसडीत, नवा, लालभडक. शास्त्रीबोवा पायरीवर मटकन बसले.

आता राहिली उतरलेली खोळ. तिला वाजत गाजत मांजरेच्या डोहात पोचवायची, दिवस मावळायच्या आत. अर्जुनराव पाटलांची गाडी आंब्याच्या डहाळ्यांनी सजवून आणली, वर नवी घोंगडी अंथरली, आणि फुटू नये म्हणून खोळ पाठीवर, पोकळ बाजू वर करून ठेवली. पहिली ओवाळणी नवस करणारीची, असं छबुबाईनं ठरवलं आणि गंगासागरच्या हातात ताट दिलं.

गंगासागर पदर सावरून गाडीशी आली. निरांजन खोळीवर धरलं. गाडीच्या डहाळ्यांची सावली आत पडली होती, त्यामुळं निरांजनाचा उजेड आडवा पसरला. खोळीच्या आतल्या अंगाला बारीक उंचवटे होते. ओळीनं. एकाखाली एक.

तिचा हात थांबला. असलं काहीतरी ती रोज बघत होती. मजकुराचं पान लिहून झालं की त्यावर टीपकागद दाबायचा, उचलला की त्याच्यावर सगळी अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडं चाललेली. इथंही रेघा तशाच मागं मागं चालल्या होत्या. खोळ इतकी वर्षं दगडाला टेकून बसली होती आणि दगडावरचं सगळं टिपून घेऊन उठली होती.

"अहो!" ती ओरडली. सगळ्या गावादेखत, सासूदेखत, नवऱ्याला. "अहो, टीपकागद! हा टीपकागद आहे!"

हलगी थांबली.

"अगं बाई, अंगात आलं!" छबुबाई पुढं झाली. "देव आला अंगात!"

"देव न्हाई," केसरबाई म्हणाली, "सिकंदराबाद आलंय. मल्ल्या, बघ काय म्हणती ती. तुला हाक मारली तिनं."

मल्लिनाथ गाडीच्या चाकावर चढला. त्यानं आत बघितलं, मग बायकोकडं बघितलं, मग पुन्हा आत. "शास्त्रीबोवा," तो म्हणाला आणि बोटानं आत दाखवलं. शास्त्रीबोवा छत्री टाकून धावत आले, वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. "स्वस्ति," ते पुटपुटले. "हे बघा, स्व... उलटं आहे, पण स्वस्ति श्री. सबंध लेख आहे हो! ठसा घेतला तर सुलटा येईल!"

"घेऊ का?" मल्लिनाथनं सिदूला विचारलं. "हिच्यावर कागद लावला तर देवाला चालंल का?"

सिदूनं जरा विचार केला. "अंगावरून उतरली ती देवाची न्हाई, आता नदीची. नदी काय म्हणायची? लावा. पर दिवस मावळायच्या आत डोहात गेली पायजे."

मग करंजवाडीत कधी निघाली नव्हती अशी मिरवणूक निघाली. गाडीत शास्त्रीबोवा गुडघ्यांवर बसून ओला कागद खोळीत बसवत होते आणि ब्रशानं ठोकत होते, हलगीच्या ठेक्यावर. लोक गुलाल उधळत होते, तो कागदावर पडू नये म्हणून मल्लिनाथ त्यांची छत्री धरून उभा. कागद वाळायला वेळ लागणार, आणि नदी फार लांब नाही. तेव्हा गाडी जितकी रेंगाळेल तितकी बरी, असं गंगासागरनं छबुबाईच्या कानात सांगितलं. या खेपेला मात्र छबुबाईच्या कानातलं तिथं न राहणंच हवं होतं. दारोदार गाडी थांबायला लागली. प्रत्येक बाई आधी घरात जाऊन कुंकू शोधायची, मग सापडलेलं पसंत पडायचं नाही, मग निरांजनाची वात विझायची. एका म्हातारीनं तर गाडी थांबवून सबंध आरती म्हटली, आणि विसरली म्हणून पहिल्यापासून पुन्हा म्हटली.

"अरे, वाजवा की जोरात!" शास्त्रीबोवा गाडीतून ओरडले. "थांबलात का? हात बसलाय माझा!" त्यांचं नाक, दाढी, उपरणं सगळं शेंदरी झालं होतं.

डोहाकाठी सूर्य बुडायला हातभर उरला असताना कागद सुटला. शास्त्रीबोवांनी त्याची कड धरून हळूहळू उचलला आणि उजेडासमोर धरला. ठसे काळे असतात, हा खोळीचा शेंदूर खालच्या अंगाला लागून शेंदरी उठला होता. पण अक्षरं सुलटी, डावीकडून उजवीकडं, रांगेत. खोळ पाण्यात गेली. मल्लिनाथ कागदाशी तोंड नेऊन अडखळत वाचत होता. शेवटची ओळ तुटकी होती, पण बाकीचं लागलं. या देवाच्या नंदादीपासाठी गावातल्या घाण्याघाण्यामागं पळीभर तेल द्यावं, असं कुणीतरी कधीकाळी ठरवून दिलं होतं.

"म्हंजी तवापासनं तेल पितोय ह्यो!" केसरबाई म्हणाली. मग परतताना सुनेच्या जवळून चालत हळूच, "साऱ्या गावादेखत नवऱ्याला हाक मारलीस गं."

"टीपकागदाला मारली, आत्याबाई."

"व्हय, व्हय. ऐकलं मी."

त्या संध्याकाळी दौत कोनाड्यातून खाली आली. आखलेल्या कागदांची चळत होतीच.

दसऱ्यानंतर पुण्याहून छापखान्याचं मुद्रित तपासायला आलं. गंगासागर ते ओळीनं बघत होती. ठशाच्या पानावर आल्यावर तिनं ते पान आरशापुढं धरलं आणि हसायला लागली. लेखात लिहिलं होतं की खोळीवर अक्षरं उलटी आहेत. ते वाचून छापखान्यातल्या कुणीतरी भक्तिभावानं ठशाचं चित्रही उलटं करून टाकलं होतं. तिनं समासात तांबड्या शाईनं लिहिलं, "चित्र फिरवावे. देव एकदा उलटला तेवढे पुरे." शास्त्रीबोवांनी ते तसंच पुढं पाठवलं. लेखाचं अक्षर कुणाचं हे त्यांना आता माहीत झालं होतं.

खंड आला तो मार्गशीर्षात. लेखावर मल्लिनाथचं नाव, आणि तळटीपेत, बारीक टाइपात, "खोळीवरील लेख प्रथम सौ. गंगासागर यांच्या दृष्टीस पडला." मल्लिनाथनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून लेख मोठ्यानं वाचला. छबुबाईनं करंजवाडी हे नाव कुठं छापलंय ते विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवून बघितलं. "लई बारीक छापलंय," ती म्हणाली, "पर हाय." सिदूनं विचारलं, आपलं नाव हाय का. होतं. त्यानं खंड कपाळाला लावला तेव्हा कपाळाचा शेंदूर मुखपृष्ठाला लागला, तो कधी गेला नाही.

दिवे लागले. केसरबाईनं सूप पुढं ओढलं. "चला, झालं छापून. आता ती दौत माळ्यावर टाकायला हरकत न्हाई."

गंगासागरचा हात रेघ आखता आखता थांबला. मल्लिनाथनं आईकडं बघितलं.

केसरबाईनं डाळीतून एक खडा वेचला, उजेडात धरून बघितला आणि अंगणात भिरकावला. "न्हाई, म्हणजे वेशीतल्या म्हसोबाच्या दगडावर बी कायतरी खरडलंय म्हणत्यात. पर तुमाला काय त्याचं. खंड तर शेवटचा न्हवं?"

"शास्त्रीबोवा पुरवणी काढणार म्हणत्यात," मल्लिनाथ घाईघाईनं म्हणाला.

"मग बसा लिहीत. माझी डाळ व्हायची हाय अजून."

मल्लिनाथनं घसा खाकरला. "म्हसोबाची शिळा गुडघ्याएवढी," तो सांगायला लागला. "थंडी वाढली, घोंगड्या काढाव्या का. उजवं अंग तुटलेलं."

"तुटलेलं," गंगासागर म्हणाली. "काढाव्या. पुढं?"

रात्री निजायच्या आधी तिनं रोजनिशी उघडली. शुक्रवार, ता. २० नोव्हेंबर १९२५. खंड आल्याचं लिहिलं, कोण कोण येऊन गेलं ते लिहिलं. मग शेवटची ओळ लिहून टीपकागद दाबला.

माळ्यावरून घोंगड्या काढल्या. थोरलीला कसर लागली आहे.